मधुवंतीची बातमी

सुजाता,

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि लोक मला आपल्या चॅनलबद्दल विचारायला लागलेत. काल भाजी घेताना एकजण भेटला. म्हणाला, "त्या टीव्हीवाल्या मॅडम गेल्या ना? मी पहिलीत होतो तेव्हा त्यांनी वाढदिवसाला माझं नाव घेतलं होतं." आता त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत, कडेवर स्वतःची मुलगी होती. नाव कसं घेतलं होतंस तेही त्याने करून दाखवलं, आडनावाआधी जरासं थांबून. तू तशीच थांबायचीस.

इथल्या नागरिक मंचाला स्मरणिकेसाठी 'आपल्या लोकल चॅनलचा इतिहास' हवाय. मीच लिहावा म्हणतात, कारण सगळं ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय. बसलो लिहायला. पहिल्या परिच्छेदात जिग्नेशभाईंची डिश आली, दुसऱ्यात तू आलीस, आणि मग पुढे काही सरकेना. ते पान बाजूला ठेवलं आणि हे तुला लिहितोय.

सुरुवात तुला सांगायला नको, तरी सांगतो, कारण ती तू येण्याआधीची आहे आणि माझ्याकडून ऐकताना तू दर वेळी हसायचीस. भाईंदर पूर्वेला जिग्नेशभाईंचा केबलचा धंदा होता. गच्चीवर डिश, डिशखाली पत्र्याची खोली, आणि तिथून गच्च्यागच्च्यांवरून गेलेल्या काळ्या वायरी. एक नंबर मोकळा होता, त्यावर ते रोज व्हीसीआरवर सिनेमा लावायचे. मी लालबागहून नुकताच इकडे राहायला आलो होतो. दिवसा एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो आणि संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून त्या खोलीत जाऊन बसायचो. तेव्हा पाण्याचे हाल होते. पाणी कधी येणार हे लोक जिग्नेशभाईंना फोन करून विचारायचे, जसा काही नळ त्यांच्याच हातात होता. एकदा वैतागून मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'आज पाणी येणार नाही', आणि लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा त्या पुठ्ठ्यासमोर लावून ठेवला. सिनेमा थांबला, टीव्हीवर पुठ्ठा दिसला. फोन बंद झाले. ती आपल्या चॅनलची पहिली बातमी.

तू आलीस ती भांडायला. तुमच्याकडची केबल बंद पडली होती. दारात उभी राहून म्हणालीस, "वसुलीला तुमचा माणूस बरोबर पहिल्या तारखेला येतो. वायर जोडायला का येत नाही?"

"बेन, मांजाथी वायर कपाई गयो," जिग्नेशभाई म्हणाले.

"भाई, पतंग जनवरी में उडती है. अभी जून चालू है."

मी हसलो. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुम्ही हसताय, आणि माझी आई भिंतीकडे बघत बसलीये." तुझा एकेक शब्द सुटा ऐकू येत होता. अंधेरीला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहेस हे नंतर कळलं. मी लगेच विचारलं, बातम्या वाचणार का? तुला वाटलं मी तक्रार टाळतोय. म्हणालीस, "आधी वायर जोडा."

वायर जोडली. पुढच्या आठवड्यापासून तू वाचायला लागलीस.

निळी चादर मागे, दोन ट्यूबलाइट, आणि पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये यायचा. तू घामाने निथळायचीस आणि पडद्यावर थंडगार दिसायचीस. कॅमेरा थेट वायरीला जोडलेला, चुकलं तर चुकलं. पाण्याच्या वेळा, वीज कुठे जाणार, शाळांचे निकाल, हरवलेली मुलं, मयताची वेळ, गणपतीच्या मिरवणुकीचा रस्ता. मोठ्या चॅनलवर देश चालायचा, आपल्याकडे फाटकापासून खारीगावापर्यंतचा मुलूख. जिग्नेशभाई मागून खुणा करायचे, "प्रकाशभाई, न्यूज नानी राखो ने, पिक्चरनो टाइम थई गयो," म्हणजे बातम्या आटपा. एकदा सापडलेल्या मुलाला तू मांडीवर घेऊन बातम्या वाचल्यास. तो माइक खायला निघाला होता. त्याची आई चपला न घालताच गच्चीवर आली. तिला जिने चढून बोलता येत नव्हतं, ती नुसती तुझे हात धरून उभी राहिली. त्या दिवशी सिनेमा उशिरा लागला, पण कोणी फोन केला नाही.

आपलं एक भांडण राहून गेलंय. मी तुझा 'ण' दुरुस्त करायचो. मुद्रितं तपासणाऱ्याची सवय. तू 'पानी' म्हणालीस की मी कॅमेऱ्यामागून बोट वर करायचो. एकदा बातम्या संपल्यावर तू कागद टेबलावर ठेवलास आणि शांतपणे म्हणालीस, "आमची आई पानीच म्हणते, प्रकाश. आणि तिने ते तुझ्यापेक्षा पुष्कळ लांबून भरलंय." त्यानंतर तू चॅनलवर नेमकं 'पाणी' म्हणत राहिलीस आणि घरी 'पानी'. मला वाटलं, मी जिंकलो. मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "बरं जमलं आज."

आईंना मी ओळखत होतोच. परभणीकडून मुंबईत, मग मुंबईतल्या भाड्याच्या खोल्यांतून मधुवंती बिल्डिंगमधलं हे घर. तुझ्या बाबांनी आयुष्यभर नोकरी करून घेतलेलं, आणि त्यात ते फार दिवस राहिलेही नाहीत. तुझा धाकटा भाऊ तेव्हा बाहेरगावी शिकायला होता. आई टीव्हीसमोर पाट टाकून बसायच्या. तू पडद्यावर "नमस्कार" म्हणालीस की त्या इकडून "जय भीम गं बाई" म्हणायच्या. शेजारच्या बायका हसायच्या, तर म्हणायच्या, "हसा की. माही लेक बोलायलीय, मी जवाब द्यायलेय." तू हे मला लाजत लाजत सांगितलं होतंस.

आता त्या संध्याकाळचं.

पावसाळ्याआधी पालिकेकडून राहायला धोकादायक झालेल्या इमारतींची नावं जाहीर व्हायची. मी दुपारी जाऊन ती उतरवून आणायचो. त्या वर्षी त्यात मधुवंती होती. उभ्या उभ्या दोनदा वाचलं. वाटलं, दुसरी कुठली मधुवंती असेल. दुसरी नव्हती. वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या उतरताना पहिला विचार तुझाच आला, हे खरं आहे. फोन करायला खिशात नाणंही शोधलं. मग मनात आलं, हिला आत्ता सांगितलं तर ही अंधेरीहून थेट घरी जाईल. मग बातम्या कोण वाचणार? चॅनल सुरू झाल्यापासून बातम्या एकही दिवस चुकल्या नव्हत्या. मला त्याचा अभिमान होता. ते पुठ्ठ्याचं चॅनल मी माझं समजत होतो.

म्हटलं, ती आली की सांगू.

तू नेहमीसारखी धावत आलीस. गाडी उशिरा होती. जिने चढून आलीस, तोंडावर पाणी मारलंस, खुर्चीत बसलीस आणि हात पुढे केलास. तेव्हाही वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. मी तुझ्या हातात पानं दिली आणि कॅमेऱ्यामागे गेलो.

मधुवंतीचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिलं होतं. का, ते मला अजून सांगता येत नाही.

तू एकेक नाव वाचत गेलीस. त्या नावावर आलीस आणि तुझा आवाज बदलला नाही. "मधुवंती अपार्टमेंट, दोन्ही विंग." मग त्याखालचं वाक्य, 'रहिवाशांनी इमारत तातडीने रिकामी करावी.' मग पाण्याच्या वेळा. मग वाढदिवस. एका चिमुरडीला शुभेच्छा देताना तू हसलीस, कारण वाढदिवसाला तू नेहमी हसायचीस. कॅमेऱ्याच्या छोट्या काचेत ते हसू मला दिसत होतं आणि मी मान खाली घातली.

लाल दिवा बंद झाला. तू उठली नाहीस.

"हे तुला केव्हा कळलं?"

"दुपारी."

"दुपारी," तू म्हणालीस.

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर वाचलं असतंस का?"

"वाचलं असतं. आधी आईला फोन केला असता, मग वाचलं असतं." पर्स उचललीस. दारात वळून म्हणालीस, "ती एकटी आहे घरी. ती बघत होती."

मधुवंतीत काय झालं ते तुझ्याकडून तुटक तुटक कळलं. तू पोहोचलीस तेव्हा सगळे खाली आवारात उतरले होते. कुणी रडत होतं, कुणी पालिकेला शिव्या देत होतं, कुणी बिल्डरला. तू गेटमधून आत आलीस तशी सगळे गप्प झाले. एकजण मोठ्याने म्हणाला, "हिला आधीपासून माहीत होतं. म्हणून तर मागच्या आठवड्यात फ्रिज हलवला."

फ्रिज दुरुस्तीला गेला होता. तू सांगत राहिलीस. पण ज्या बाईने आत्ता टीव्हीवर डोळ्यांची पापणी न हलवता ते नाव वाचलं, तिला माहीत नव्हतं हे कोण मानणार? तुझं चांगलं वाचणंच तुझ्या अंगावर आलं. आई पिशवी भरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. तू जवळ गेलीस. त्या म्हणाल्या, "साऱ्या गावाला सांगितलंस. मला सांगावं वाटलं न्हाई का गं तुला?"

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, तू येणार नाहीस. तू आलीस. रिकाम्या होणाऱ्या इमारतींमधल्या लोकांसाठी कुठल्या शाळेत सोय केलीये ते वाचलंस. त्या शाळेत तुझी स्वतःची आई होती.

लोकांनी मधुवंती रिकामी केली. एरवी अशा नोटिसा येऊनही कुणी हलायचं नाही, पण आपल्यातल्याच बाईने वाचलं म्हटल्यावर हलले. आणि त्याच पावसाळ्यात मागच्या बाजूच्या गॅलऱ्या जिन्यासकट खाली आल्या. आत कुणी नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही. तेव्हापासून माझ्याकडे एक चांगलं कारण आलं. मी स्वतःला म्हणायला लागलो, बघ, तिला न सांगता वाचायला लावलं म्हणून माणसं वाचली. हे कारण मला गॅलऱ्या पडल्यानंतर सुचलं, सुजाता. त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त बुलेटिन होतं.

नागरिक मंचाने सत्कार ठेवला. चॅनलचा, म्हणजे माझा. तू मागच्या रांगेत होतीस. अध्यक्ष म्हणाले, "यांच्या एका बातमीमुळे कितीतरी कुटुंबं वाचली." मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि भाषणात टीमवर्क असा शब्द वापरला. तुझं नाव घेतलं, पण जिग्नेशभाईंच्या नंतर. तू टाळ्या वाजवल्यास. खाली आल्यावर शालीचा काठ बोटांत धरून बघितलास. "छान आहे," म्हणालीस. आणि मग, अगदी हळू, "एकदा घरी येऊन आईला सांग ना. मला माहीत नव्हतं एवढंच सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही बसत. तुझ्यावर बसेल."

तुम्ही तोवर घोडबंदरला भाड्याच्या खोलीत गेला होतात. खाडी जवळ, स्टेशन लांब, बस आली तर आली. आपली वायर तिथे पोहोचत नव्हती. तू जिग्नेशभाईंना विचारलंसही. ते म्हणाले, "बेन, हायवे के उस पार अपनी लाइन नहीं जाती." म्हणजे आई आता तुला बघू शकत नव्हत्या. तू रोज इथे येऊन सगळ्यांना नमस्कार म्हणायचीस, आणि ज्या घरातून जवाब यायचा ते घर वायरीच्या बाहेर गेलं होतं.

येतो म्हणालो. रविवारी येतो म्हणालो, मग पुढच्या रविवारी. मधुवंतीचे लोक तेव्हा चिडलेले होते. घरं गेली होती, नवी इमारत कधी होणार कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांना धरायला कुणीतरी माणूस हवा होता. मी जर म्हणालो असतो की मला दुपारीच कळलं होतं आणि मी कुणालाही सांगितलं नाही, तर तो माणूस मी झालो असतो. तू होतीस तोवर मी नव्हतो. हे इतकं सरळ तेव्हा मी मनातही म्हणालो नव्हतो.

शेवटी आलो. तुला आठवत असेल, तू मला बसस्टॉपवर घ्यायला आली होतीस. वाटेत फक्त चिखलातून कसं जायचं ते दाखवत होतीस. आईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. चहा केला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमचे लई उपकार झाले, भाऊ. तुम्ही बातमी दिली म्हणून लोकं वाचली. देवमाणूस हाव तुम्ही." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तू ओट्यापाशी उभी होतीस, भिंतीला टेकून, माझ्याकडे बघत.

मी म्हणालो, "आई, असं काही नाही."

त्यांना तो विनय वाटला. त्या आणखीच कौतुक करायला लागल्या. मग म्हणाल्या, "पोरीनं मात्र मला सांगितलं न्हाई. असू द्या. नोकरीचा धरम असंल तिचा." मी चहा प्यायलो. खाडीत मासे मिळतात का विचारलं. पाऊस यंदा लांबलाय म्हणालो. तू एकदा खाकरलीस. मी घड्याळ बघितलं.

बसस्टॉपपर्यंत तू पुन्हा सोबत आलीस. बस लांबून दिसली तेव्हा म्हणालीस, "राहू दे आता, प्रकाश." रागावली असतीस तर बरं झालं असतं. तुझा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, कॅमेऱ्यासमोरही नाही आणि मागेही नाही.

पुढच्या वर्षी आई गेल्या. जाताना तुझा हात हातात होता, तू सांगितलंस. त्यांनी तुला माफ केलं होतं हेही सांगितलंस. "न केलेल्या गोष्टीची माफी घ्यायला कसंतरीच होतं रे," म्हणालीस, आणि लगेच विषय बदललास.

त्यानंतर चॅनल काही वर्षं चाललं. ते सगळं स्मरणिकेत लिहीनच. सेट टॉप बॉक्स आले, वायरी मोठ्या कंपनीकडे गेल्या, आपला नंबर इतका मागे गेला की रिमोटचं बटण दाबून दाबून लोक कंटाळायचे. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि पाणी कधी येणार ते ग्रुपवर कळायला लागलं. जिग्नेशभाई म्हणाले, "बस हवे," पुरे आता. शेवटच्या दिवसासाठी मी एक मोठा निरोप लिहिला होता. अलंकारिक. तू तो वाचून बघितलास, घडी केलीस आणि म्हणालीस, "उद्या पाणी सकाळी आहे की दुपारी, तेवढं सांग." तेच वाचलंस. शेवटी नेहमीसारखं नमस्कार म्हणालीस आणि आम्ही ट्यूबलाइट बंद केल्या. त्या सगळ्या वर्षांतली तुझी एकही कॅसेट माझ्याकडे नाही. जुन्यावरच नवं घ्यायचो, कॅसेट वाचवायला.

हॉस्पिटलमध्ये मी तुला भेटायला यायचो. तुझं अंग पार सुकलं होतं, आवाज मात्र होता तसाच. बाजूच्या कॉटवरच्या आजींना तू भिंतीवरची पाटी बातम्यांसारखी वाचून दाखवत होतीस. "भेटण्याची वेळ संध्याकाळी चार ते सहा. रुग्णासोबत एकाच व्यक्तीने थांबावे." आजी पोट धरून हसत होत्या. त्या झोपल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. म्हणालो, "आता आई भेटतील तेव्हा त्यांना सांग की..."

तू हात वर करून मला थांबवलंस. "आमच्यात असलं काही नसतं, प्रकाश. आम्ही वरबिर मानत नाही. जे सांगायचं ते इथेच." मग डोळे मिटलेस. "आणि इथे आता ती नाही."

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. तुमच्या विहारामागचा हॉल भरला होता. मधुवंतीचे खूपजण होते, म्हातारे झालेले. तुझा फोटो, समोर मेणबत्त्या, वंदना झाली. मग लोक आदरांजली वाहायला उठले. मलाही बोलावलं. मी तुझ्या आवाजाबद्दल बोललो, माइक खाणाऱ्या पोराबद्दल बोललो, लोक हसले, लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो. चांगलं झालं, असं बाजूचा म्हणाला.

मग मिलिंद उठला. तुझा धाकटा भाऊ. त्याला मी त्याच्या लग्नाआधी पाहिलं होतं, आता कानशिलं पांढरी झालीत. कागदावर लिहून आणलं होतं त्याने. शिक्षणासाठी तू त्याला कसे पैसे पुरवलेस ते वाचलं. मग कागद खाली घेतला आणि म्हणाला, "इथे आमच्या बिल्डिंगचे लोक आहेत. त्यांना माहितीये. ताईने एक गोष्ट आईपासून लपवली. आई ते मनात घेऊन गेली. मी पण खूप वर्षं मनात ठेवलं. आज तुमच्या सगळ्यांसमोर सांगतो, मी ताईला माफ केलं."

हॉलमधल्या माना हलल्या. कुणीतरी "साधू, साधू" म्हणालं.

मी उठलो. उठलो असं लिहितोय, पण पाय केव्हा सरळ झाले ते मला कळलं नाही. मिलिंदच्या हातातला माइक मागितला. त्याला वाटलं माझं काही राहिलं असेल. मी म्हणालो, "तिला माहीत नव्हतं. मला दुपारीच कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही. सगळ्यांबरोबर तिलाही तेव्हाच कळलं, वाचताना." आणखी काय बोलावं सुचेना म्हणून हेच पुन्हा म्हणालो. कुणी ओरडलं नाही. इतकी वर्षं मी ज्यांच्या रागाला भ्यायलो ती माणसं खुर्च्यांवर बसून माझ्याकडे नुसती बघत होती. एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया." संपलं. तुझ्या आईच्या खोलीत खाडीतल्या माशांची चौकशी करायला मला याहून जास्त वेळ लागला होता.

मिलिंदने माझ्याकडून माइक परत घेतला. खीर वाटून झाली, लोक पांगले, तेव्हा तो गेटपाशी माझ्याजवळ आला.

"ताई मला सांगायची," म्हणाला. "मी म्हणायचो, मग प्रकाशदादांना आण ना माझ्यासमोर. ती म्हणायची, त्यांना वेळ नसतो."

त्याने हातातल्या कागदाची घडी करून ती खिशात घातली.

"मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आजारी पडली तेव्हा गेलो. माझ्या मुलीच्या बारशालासुद्धा मी तिला बोलावलं नाही. हे तरी माहिती होतं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

तो चपला घालायला गेला.

मला खरंच माहीत नव्हतं, सुजाता. कारण त्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी तू चॅनलवर पेढ्यांचा पुडा घेऊन आली होतीस. मिलिंदला मुलगी झाली म्हणालीस. बारसं झोकात झालं, पाळणा फुलांनी सजवला होता, बाळ अगदी आमच्या आईच्या तोंडवळ्याचं आहे म्हणालीस. जिग्नेशभाईंना पेढा दिलास, कॅमेऱ्याजवळच्या मुलांना दिलास, माझ्यापुढे पुडा धरलास.

मी दोन घेतले होते.